वर्तमान आणि गप्पा : विकेंद्रित संवादजालांचा इतिहास (१९७९–२०२४)

१. प्रश्नाची मांडणी

वाङ्मयेतिहासाने बातमी आणि गप्पा यांना फार निराळी वागणूक दिली आहे. बातमीला वृत्तपत्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले. गप्पा मात्र मौखिक परंपरेच्या उंबरठ्यावरच राहिल्या. ही फारकत मुद्रणाने पक्की केली. १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू झाल्यानंतर मराठीत बातमी म्हणजे संपादकाने निवडलेला, स्तंभात बसवलेला आणि अनोळखी वाचकांसाठी छापलेला मजकूर, ही कल्पना हळूहळू रूढ झाली. वाचकाने उलट बोलावे यासाठी पत्रव्यवहाराचा एक कोपरा राखला गेला, पण त्या कोपऱ्याची किल्लीही संपादकाकडेच राहिली.

मुद्रणपूर्व व्यवहार असा नव्हता. अठराव्या शतकातील मोडी पत्रांत आरंभी नमस्कार आणि क्षेमकुशल, मग तिकडील वर्तमान, मग घरगुती अगर देण्याघेण्याचा मजकूर असा क्रम वारंवार आढळतो. पानिपतच्या पराभवाची वार्ता जानेवारी १७६१ मध्ये भेलशाच्या बाजूस नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, ही हकिकत मराठी इतिहासलेखनात सर्वपरिचित आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत माणसांच्या मृत्यूची बातमी त्या पत्राने वाहून आणली. सरकारी व्यवस्था कोलमडली असताना व्यापाऱ्यांचे जाळे चालू होते. ते बातमीसाठी उभारलेले नव्हते. रोजच्या व्यवहारासाठी उभारलेले होते, आणि म्हणूनच त्यावरून आलेल्या बातमीवर विश्वास ठेवता आला.

संगणकजालांच्या इतिहासात हाच प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. ज्या जालावर एकच मालक, एकच संगणककेंद्र आणि एकच संपादकीय अधिकार नसतो, अनेक स्वायत्त सर्व्हर ठरलेल्या नियमांनी परस्परांशी संदेशांची देवघेव करतात, त्या जालास येथे 'विकेंद्रित' म्हटले आहे. अशा जालांवर बातमी कशी जन्मते, ती विश्वसनीय का ठरते आणि तिचे पुढे काय होते, या तीन प्रश्नांचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. निबंधाचे प्रतिपाद्य असे की, विकेंद्रित जालावरील बातमी दैनंदिन संभाषणाच्या सवयीवर उभी असते. गप्पांना निरर्थक गलबला मानून बाजूस सारले, तर बातमीच्या प्रामाण्याचा आधारच नजरेआड होतो. मात्र गप्पांतून निर्माण होणाऱ्या विश्वासाला भाषेच्या, वर्गाच्या आणि जातीच्याही कडा असतात. त्या कडांचा विचार केल्याविना या इतिहासाचे गौरवगान करणे योग्य ठरणार नाही.

२. यूजनेट : अपेक्षा आणि वापर

१९७९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली प्रायोगिक आज्ञावली लिहिली आणि जानेवारी १९८० मध्ये तिची जाहीर घोषणा झाली. एका संगणकाने टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्यास हाक द्यायची, साठलेले संदेश त्याच्या हवाली करायचे, त्याने ते पुढच्यास द्यायचे, अशी ही रचना होती. प्रत्येक ठिकाणी संदेशाची स्वतंत्र प्रत राही. मूळ प्रत आणि नक्कल हा भेद येथे निरर्थक होता. हस्तलिखितांच्या पाठपरंपरेचा अभ्यास करणाऱ्यास ही स्थिती अपरिचित वाटू नये.

संस्थापकांची अपेक्षा माफक होती. दिवसाकाठी एखाददुसरा संदेश येईल आणि फार तर पन्नासशंभर संगणक या जाळ्यात सामील होतील, असा त्यांचा अंदाज असल्याचे बेलोविन यांनी पुढे नमूद केले आहे. युनिक्स या संगणकप्रणालीतील दोष कळवणे आणि अडचणींवर साहाय्य मागणे हा उद्देश होता, आणि व्यवस्थेचे नाव 'नेटन्यूज', म्हणजे जालावरील वृत्त, असे होते. प्रत्यक्षात अल्पावधीतच विनोद, पाककृती, चित्रपट आणि विज्ञानकथा यांचे वृत्तगट निघाले. या प्रवासाकडे अवनती म्हणून पाहण्याचा मोह संगणकशास्त्राच्या इतिहासकारांना होतो. वाङ्मयीन दृष्टीने मात्र येथेच एका नव्या लेखनप्रकाराची घडण सुरू झाली. आधीच्या लेखकाचे वाक्य ओळीच्या आरंभी खूण करून उद्धृत करायचे आणि त्याखाली उत्तर द्यायचे, या पद्धतीने प्रत्येक संहिता मूळ मजकूर आणि टीका अशी दुहेरी झाली. सूत्र आणि भाष्य यांची परंपरा जाणणाऱ्या भारतीय वाचकास या रचनेतील साम्य सहज दिसेल. फरक इतकाच की, येथे भाष्यकार आणि सूत्रकार समकालीन होते आणि दुसऱ्या दिवशी भूमिका बदलू शकत होते.

केंद्र नव्हते म्हणजे सत्ता नव्हती, असे नाही. लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा खर्च ज्या संस्था सोशीत, त्यांच्या संगणकचालकांचा शब्द चाले. १९८६–८७ मध्ये सर्व वृत्तगटांचे नव्याने नामकरण झाले, तेव्हा कोणता विषय कोणत्या शाखेत बसवायचा हे ठरवण्यात याच चालकांचा पुढाकार होता. त्यांच्या निर्णयांवर नाराज असलेल्यांनी १९८७ मध्ये 'आल्ट' ही निराळी शाखा उघडली. संदेशवहनाचा भार ज्याच्या शिरावर, त्याच्या हाती संभाषणाची दिशा, हा नियम पुढील चार दशकांत पुन्हा पुन्हा प्रत्ययास येतो.

३. ऑगस्ट १९९१ : खिडकीबाहेरचे वर्तमान

गप्पांचे जाळे बातमीचे जाळे कसे बनते, याचे ठळक उदाहरण सोव्हिएत संघात मिळते. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह अणुसंशोधन संस्थेत १९९० मध्ये 'रेलकॉम' हे जाल आकारास आले. 'डेमॉस' या सहकारी संस्थेतील संगणकतज्ज्ञ त्याचे भागीदार होते. साध्या टेलिफोन तारांवरून मोडेमद्वारे चालणारे हे जाल फिनलंडमार्गे यूजनेटशी जोडले गेले. १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत ते सुमारे ७० शहरांतील संस्थांपर्यंत पोचले होते. त्यावर आज्ञावलींची देवघेव होई, व्यावसायिक चौकशा होत आणि अर्थातच गप्पाही चालत.

१९ ऑगस्ट १९९१ रोजी गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंडाचा प्रयत्न झाला. दूरचित्रवाणीवर 'स्वान लेक' हे बॅले नृत्यनाट्य दाखवले जाऊ लागले आणि वृत्तपत्रांवर बंधने आली. टेलिफोनच्या तारा मात्र चालू राहिल्या. मोडेमवरून चाललेला हा व्यवहार बंडखोरांच्या हिशेबात नव्हता. येल्त्सिन यांचे आवाहन या जालावरून शहरोशहरी आणि देशाबाहेर गेले. आंद्रेई सोल्दातोव्ह आणि इरिना बोरोगान यांनी 'द रेड वेब' (२०१५) या ग्रंथात नोंदवल्याप्रमाणे, सभासदांना त्या काळात एक साधी सूचना देण्यात आली. आपल्या खिडकीतून बाहेर पाहा आणि जे दिसते तेवढेच लिहा. भावना नकोत, तथ्य हवे, असा तिचा आशय होता.

या सूचनेचे वाङ्मयीन महत्त्व मोठे आहे. कालपर्यंत जी मंडळी एकमेकांना थट्टेचे अगर तांत्रिक संदेश पाठवीत होती, त्यांच्याकडून एका दिवसात साक्षीदाराच्या भाषेची अपेक्षा केली गेली. रणगाडे किती, कोणत्या रस्त्यावर, सैनिकांची वागणूक कशी, एवढेच सांगायचे होते. संभाषणाचा गद्यप्रकार साक्षीच्या गद्यप्रकारात रूपांतरित झाला. हे रूपांतर शक्य झाले, कारण लिहिणारा कोण आहे हे वाचणाऱ्यास आधीपासून ठाऊक होते. अमुक शहरातील अमुक संस्थेतील माणूस काल काय विचारीत होता, तो थट्टा कशी करतो, कोणत्या गोष्टीत अतिशयोक्ती करतो, याची जाण असल्याने त्याच्या चार ओळींचे मोल ठरवता येत होते. वृत्तसंस्थेच्या नाममुद्रेने जे काम होते, ते येथे परिचयाने केले.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. परदेशांतील उत्सुक वाचकांनी प्रश्नांचा इतका भडिमार केला की अरुंद तारेवर ताण येऊ लागला. तेव्हा निरर्थक चौकशा थांबवा, असे मॉस्कोतील चालकांना जाहीरपणे विनवावे लागले. संकटकाळी गप्पा हा बातमीचा आधार असतात, तशाच त्या बातमीच्या वाटेतील अडथळाही ठरू शकतात.

४. धावफलक आणि रोमन मराठी

भारताचा या जालांशी प्रथम संबंध आला तो शैक्षणिक संस्थांद्वारे. 'अर्नेट' या प्रकल्पाखाली १९८७ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात टेलिफोनद्वारे संदेशवहन सुरू झाले. सामान्य नागरिकास इंटरनेट उपलब्ध झाले ते मात्र १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परिणामी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या आरंभी भारताविषयी यूजनेटवर जो संवाद झाला, तो मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीयांचा होता. 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन' हा वृत्तगट त्यांचे प्रमुख एकत्र येण्याचे ठिकाण. भारतातून आलेली वृत्ते, प्रवासाची चौकशी, स्वयंपाकाच्या शंका आणि अयोध्येसारख्या विषयांवरील कडवे वाद तेथे एकाच पंगतीस बसत.

याच काळातील क्रिकेटची कथा बोधप्रद आहे. १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 'आयआरसी' ही तात्काळ संभाषणाची व्यवस्था रचली. तीही अनेक सर्व्हरांच्या साखळीवर चाले. तेथील क्रिकेटच्या दालनात दक्षिण आशियाई विद्यार्थी जमत. कुणाकडे रेडिओवरील समालोचन ऐकण्याची सोय असे. तो धावसंख्या टंकित करी. नवा आलेला प्रत्येक जण धावफलक विचारी आणि गप्पांचा ओघ तुटे. या वारंवार येणाऱ्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणारी आज्ञावली सायमन किंग या मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकाने लिहिली, आणि १९९३ मध्ये 'क्रिकइन्फो'चा जन्म झाला. चेंडूगणिक लिखित समालोचन हा प्रकार पुढे जगभर प्रतिष्ठित झाला. त्याच्या मुळाशी परदेशातील वसतिगृहांत रात्री जागणाऱ्यांच्या गप्पा आहेत. ही संस्था पुढे व्यापारी झाली आणि २००७ मध्ये एका मोठ्या क्रीडावाहिनीच्या मालकीत गेली. संभाषणातून निपजलेली बातमी संभाषणापासून वेगळी होऊन संस्थेचे रूप घेते, या सर्वसाधारण प्रक्रियेचे हे नमुनेदार उदाहरण होय.

मराठीपुरते पाहिल्यास 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' हा स्वतंत्र वृत्तगट विशेष उल्लेखनीय आहे. तामिळ, बंगाली, तेलुगू, गुजराती आदी भाषकांचे गटही याच कुळातले. मात्र या जालाची मूळ वर्णव्यवस्था इंग्रजीपुरती होती. देवनागरीस तीत जागा नव्हती. त्यामुळे मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' या पद्धतीसारख्या लिप्यंतराच्या रीती प्रचारात आल्या. ट, ड, ण, ळ ही मूर्धन्य अक्षरे दाखवण्यासाठी शब्दाच्या मध्येच मोठे रोमन अक्षर वापरले जाई. इंग्रजी जालसंकेतात मोठी अक्षरे म्हणजे ओरडणे. मराठीत तीच मोठी अक्षरे 'बाळ' आणि 'बाल' यांतील भेद राखीत होती. एकाच चिन्हाचे हे दोन अर्थ एकाच जालावर शेजारी नांदत होते. लिपिबदलाचा प्रश्न मराठीस नवा नाही. मोडी मागे पडून बाळबोध छपाई आली, तेव्हाही लेखनाच्या सवयी बदलल्या होत्या. परंतु येथील बदल कोणत्याही सरकारच्या अगर मुद्रकाच्या आज्ञेने झाला नाही. तो बोलण्याच्या निकडीतून झाला, आणि म्हणून शुद्धलेखनाच्या नियमांपेक्षा उच्चाराशी त्याचे नाते अधिक जवळचे राहिले.

५. संकोच

१९९३ च्या शरदापासून अमेरिकेतील व्यापारी इंटरनेट कंपन्यांचे ग्राहक यूजनेटवर लोटू लागले. त्यापूर्वी दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, जुनी मंडळी त्यांना रीतिरिवाज शिकवीत. आता हा सप्टेंबर कधी संपेचना. एप्रिल १९९४ मध्ये दोघा वकिलांनी ग्रीन कार्डाची जाहिरात हजारो वृत्तगटांत एकाच वेळी टाकली. आगंतुकास वळण लावण्याची जी अनौपचारिक यंत्रणा होती, ती या संख्येपुढे अपुरी पडली.

पुढील दशकात संभाषण एकेका कंपनीच्या मालकीच्या संकेतस्थळांवर गेले. तेथे नोंदणी सोपी होती, अनावश्यक संदेश गाळण्याची सोय होती आणि खर्च दिसत नव्हता. ज्या ड्यूक विद्यापीठात यूजनेटची कल्पना निघाली, तेथील यूजनेट सर्व्हर २०१० मध्ये बंद झाला. विकेंद्रित जाल अपयशी ठरले ते तंत्रामुळे, असे म्हणता येणार नाही. नवागताचे स्वागत करणे, भांडण सोडवणे, घाण झाडणे हे श्रम कुणी करायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

६. पुनरुज्जीवन आणि कडा

एकमालकी व्यवस्थेविषयीच्या असमाधानातून २००८ नंतर विकेंद्रित प्रयोग पुन्हा सुरू झाले. मॉन्ट्रियलमध्ये एव्हान प्रोड्रोमू यांनी 'आयडेंटिका' उभारले. २०१० मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा'साठी १० हजार डॉलर मागितले आणि लोकांनी त्यांना दोन लाखांहून अधिक दिले. भारतातही मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी 'पॉडरी' या नावाने डायस्पोराचा एक सर्व्हर चालवला. जर्मनीतील ऑयगेन रॉख्को यांनी २०१६ मध्ये 'मॅस्टोडॉन' प्रसिद्ध केले, आणि जानेवारी २०१८ मध्ये 'ॲक्टिव्हिटीपब' हा परस्परसंवादाचा प्रोटोकॉल डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने मान्य केला. निरनिराळ्या सर्व्हरांवरील माणसे एकमेकांशी बोलू शकतील, याची व्याकरणबद्ध तजवीज त्याद्वारे झाली.

भारतीय संदर्भात नोव्हेंबर २०१९ हा टप्पा महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते प्रथम नाझी अभिवादन नाकारणाऱ्या एका माणसाच्या १९३६ मधील छायाचित्रामुळे आणि नंतर गोरख पांडे यांच्या हिंदी कवितेच्या उल्लेखामुळे बंद करण्यात आले. त्याच दिवसांत, खात्यांना मिळणारी निळी प्रामाण्यखूण देताना जातीय पक्षपात होतो, असा आक्षेप दलित-बहुजन लेखक व पत्रकारांनी जोरकसपणे मांडला होता. या दुहेरी असंतोषातून अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली.

या स्थलांतरातील बरेच जण काही आठवड्यांत परतले. त्याचे कारण प्रस्तुत प्रतिपाद्यातच सापडते. ही मंडळी बातमीच्या निमित्ताने गेली होती. निषेध हाच त्यांचा पहिला संदेश होता. निषेधाचा विषय मावळल्यावर बोलण्यास दुसरे काही उरले नाही. सकाळचा चहा, पावसाची तक्रार, वाचलेल्या पुस्तकाविषयी दोन ओळी, अशा सामान्य बोलण्याचा थर साठला नव्हता. रेलकॉमवर गप्पा आधी होत्या आणि बंड नंतर आले. येथे क्रम उलटा होता. शिवाय भारतीय भाषांतील संभाषणासाठी आवश्यक तेवढे भाषाबंधू त्या सर्व्हरांवर नव्हते, आणि इंग्रजीत बोलायचे तर जुनी जागा पुरेशी होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली, तेव्हा याहून मोठे स्थलांतर झाले. मॅस्टोडॉनवरील महिन्याकाठच्या सक्रिय सभासदांची संख्या सुमारे ३ लाखांवरून काही आठवड्यांत २५ लाखांवर पोचली. पुढे ती ओसरली. या काळात बातमी आणि गप्पा यांच्यातील ताण उघड झाला. पत्रकारांसाठी 'जर्ना डॉट होस्ट' हा स्वतंत्र सर्व्हर निघाला, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडला. आपल्या खासगी बोलण्याचे वृत्त बनेल, ही त्यांना धास्ती होती. उलट बाजूने, राजकारण अगर वंशद्वेष यांविषयीचा मजकूर इशाऱ्याच्या पडद्याआड ठेवावा असा तेथील शिष्टाचार कृष्णवर्णीय सभासदांवर लादला जाऊ लागला. ज्यांचे दैनंदिन जीवन हीच अन्यायाची वार्ता आहे, त्यांना गप्पा आणि बातमी यांत भेद कसा करता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. दलित आत्मकथनांच्या वाचकास या प्रश्नाचे गांभीर्य विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही. 'सामान्य' बोलणे कोणते, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे असतो, त्यांचेच जगणे सामान्य मानले जाते.

एका सर्व्हरने दुसऱ्याशी संबंध तोडण्याच्या या प्रथेस मराठीत 'वाळीत टाकणे' हा शब्द सहज सुचतो. तुलना मात्र जपून करावी लागेल. २०१९ मध्ये 'गॅब' या द्वेषमूलक मजकुरासाठी कुप्रसिद्ध स्थळाने मॅस्टोडॉनची आज्ञावली स्वीकारली, तेव्हा बहुतेक सर्व्हरांनी त्यास दूर ठेवले. तेथे बहिष्कार हे दुबळ्यांचे संरक्षण होते. गावाने वाळीत टाकलेल्या कुटुंबास घरदार सोडता येत नाही. येथे सभासदास दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते आणि त्याचे अनुयायीही त्याच्याबरोबर येऊ शकतात. परंतु मॅस्टोडॉनवर जुने लेखन सोबत नेता येत नाही. माणूस स्थलांतर करतो. त्याचे दप्तर मागे राहते.

७. दप्तर कुणी राखायचे?

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा मुद्दा हाच आहे. यूजनेटच्या पहिल्या दशकाची साधने आज उपलब्ध आहेत, ती कोणत्याही संस्थेच्या धोरणामुळे नव्हे. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून १९९१ पर्यंतचे संदेश १४१ चुंबकीय फितींवर जपून ठेवले. त्यांतील वीस लाखांहून अधिक संदेश २००१ मध्ये गूगलच्या संग्रहात समाविष्ट झाले. म्हणजे विकेंद्रित जालाची स्मृती अखेर एका केंद्रात जमा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या कंपनीने यूजनेटवरील नव्या संदेशांची सोय बंद केली. जुना संग्रह तेवढा पाहण्यासाठी ठेवला.

नव्या जालांची स्थिती अधिक नाजूक आहे. 'मॅस्टोडॉन डॉट लोल' हा हजारो सभासदांचा सर्व्हर २०२३ मध्ये, वाद आणि द्वेषपूर्ण संदेश यांना कंटाळून चालकाने बंद केला. 'क्वीअर डॉट एएफ' या सर्व्हरच्या नावातील शेवटची अक्षरे अफगाणिस्तानची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान राजवटीखालील यंत्रणेने ते नावच काढून घेतले. विकेंद्रित म्हटलेल्या जालाखाली नावांची, तारांची आणि राज्यसत्तेची केंद्रीभूत व्यवस्था असतेच, याची ही आठवण होती. एकमालकी स्थळे याहून सुरक्षित होती, असेही नाही. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय देणारे 'कू' हे स्थळ २०२० मध्ये सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचे संस्थापकांनी जाहीर केले. तेथील मराठी संभाषणाची सारी मदार एका कंपनीच्या ताळेबंदावर होती. विकेंद्रित जालात एक सर्व्हर बुडाला तरी त्याच्या संदेशांच्या काही प्रती इतरत्र उरतात. एकमालकी जालात तेवढाही आधार नाही.

यासोबत एक नैतिक प्रश्न आहे. जतन व्हावे, अशी बोलणाऱ्याची इच्छा असते का? १९९५ मध्ये 'डेजा न्यूज' या कंपनीने यूजनेटचा शोधण्याजोगा संग्रह सुरू केला, तेव्हा आपला संदेश साठवू नये अशी खूण करण्याची मुभा सभासदांना द्यावी लागली. मॅस्टोडॉनवरही पूर्ण मजकुराचा शोध सप्टेंबर २०२३ मध्ये आला तो लेखकाच्या संमतीच्या अटीवरच. गप्पा मारणाऱ्यास विसरले जाण्याचा हक्क हवा असतो. इतिहासकारास साधने हवी असतात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील पानिपतकालीन पत्रांच्या लेखकांची संमती विचारण्याचा प्रश्न नव्हता. दीडशे वर्षांच्या अंतराने तो मिटवला होता. आज हे अंतर उरलेले नाही. संग्राहक आणि पत्रलेखक एकाच काळात जगतात, प्रसंगी एकाच सर्व्हरवर असतात.

८. समारोप

या विवेचनातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, विकेंद्रित जालावर बातमीचे प्रामाण्य परिचयातून येते आणि परिचय दैनंदिन गप्पांतून घडतो. मॉस्कोतील १९९१ चा अनुभव आणि भारतातील २०१९ चा अनुभव यांचा विरोध हेच दर्शवतो. दुसरा असा की, केंद्र नाहीसे केल्याने सत्ता नाहीशी होत नाही. सर्व्हर चालवणारा, खर्च सोसणारा आणि शिष्टाचार ठरवणारा यांच्याकडे ती वाटली जाते. या वाटणीत कोण वगळले जाते, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावे लागेल. तिसरा निष्कर्ष भाषेविषयीचा आहे. मराठीसारख्या भाषेचे या जालांवरील अस्तित्व मोठ्या घटनांच्या वेळी होणाऱ्या गर्दीवरून मोजता येणार नाही. गर्दी ओसरल्यावर त्या भाषेत किरकोळ बोलणे चालू राहते का, हा खरा निकष होय.

तौलनिक साहित्याभ्यासाने पत्र, बखर, रोजनिशी, वृत्तपत्र या प्रकारांचे परस्परसंबंध तपासले आहेत. त्या मालिकेत या संभाषणांचा समावेश करावयाचा, तर त्यांच्या संग्रहाचे काम त्यांच्या हयातीतच, आणि बोलणाऱ्यांच्या संमतीनेच, हाती घ्यावे लागेल. रोमन लिपीत लिहिलेल्या त्या मराठी वृत्तगटाचे पाठसंपादन हे त्याचे एक विनम्र आरंभस्थान ठरू शकते. ते काम करणाऱ्यास मोडी वाचकाइतकीच चिकाटी लागेल आणि क्षेमकुशलाच्या ओळी गाळून केवळ वर्तमान तेवढे उतरवून घेण्याचा मोह त्याला टाळावा लागेल.